आबांच्या हाती दिलेली गिटार

साठच्या दशकाच्या शेवटी एक विलायती गायक मुळशीचं धरण बघायला आला आणि परतताना आमच्या माले गावाजवळ त्याची गाडी बंद पडली. रस्त्याला लागून घर आमचंच. खांद्यापर्यंत केस, पायात नव्या कोल्हापुरी चपला, हातात गिटार. पुण्याचा ड्रायव्हर म्हणाला, "रॉक संगीतातला फार मोठा माणूस आहे हा." आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याला पिठलं-भाकरी वाढली. त्यानं ओसरीवर बसून तासभर गाणी म्हटली.

गाडी काही चालू होईना. शेवटी एक भरलेला ट्रक त्या दोघांना पुण्याला न्यायला तयार झाला. त्यात गिटार चेपेल म्हणून गायकानं ती आबांच्या हाती दिली आणि खुणेनं सांगितलं, नंतर नेतो.

दोन दिवसांनी ड्रायव्हर गाडी न्यायला आला आणि गिटारही मागू लागला. आबा म्हणाले, "त्यानं माझ्या हातात दिलीया. त्याच्याच हातात दीन." ड्रायव्हरनं डोक्याला हात लावला आणि तो गेला.

तेव्हापासून ती माजघरात खुंटीला, आईच्या नव्या लुगड्यात गुंडाळून. बघायला पौडापासून माणसं यायची. चहा करून करून आई कावली. आबा कुणाला हात लावू देत नसत. पावसाळ्यात आमची ओली लुगडी तशीच राहायची आणि शेगडी गिटारीजवळ.

त्याच वर्षी मला बघायला पाहुणे आले. मी पोह्यांच्या बशा घेऊन उभी, आणि मुलाचे वडील गिटारीकडे बघत आबांना प्रश्न विचारतायत. आठवड्यानं निरोप आला: मुलगी पसंत आहे, तेवढी गिटार तिच्याबरोबर द्यावी. आबांनी साफ नकार दिला आणि लग्न मोडलं. मुलाचं मला काही वाटलं नाही. पण लाकडाच्या एका खोक्यासाठी मला नाकारलं, याचा संताप कितीतरी दिवस गेला नाही.

पुढच्या वर्षी ड्रायव्हरनं त्या गायकाचं पत्र आणून दिलं. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. लिहिलं होतं, मी आता परत येणार नाही, गिटार जो वाजवील त्याला द्या.

आबांचा विश्वास बसेना. "तू कटाळलीयास तिला, म्हनून असं वाचतीस."

"आबा, लिहिलंय तेच वाचतेय."

दुसऱ्या दिवशी ते पत्र घेऊन पौडच्या मास्तरांकडे गेले. मास्तरांनी तेच वाचलं. संध्याकाळी आबा परतले. जेवताना म्हणाले, "आता हिला वाजवनार कोन हितं?"

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "जिच्या लग्नात आडवी आली, तिलाच द्या."

मला ती नको होती. तरी आबांनी खुंटीवरून काढून माझ्या मांडीवर ठेवली. भजनात वीणा धरणाऱ्या काकांनी तारा जुळवून दिल्या, त्याही त्यांच्या पद्धतीनं. मी रागानंच बोटं फिरवू लागले. बोटांना चिरा पडल्या, मग घट्टे पडले. पुढचे कितीतरी महिने सूर लागत नव्हता आणि मीही सोडत नव्हते. अखेर त्या गायकाची ओसरीवर ऐकलेली एक चाल कशीबशी जमली.

आबा उंबऱ्यात बसून ऐकत होते. चाल संपल्यावर म्हणाले, "त्यो असं वाजवत न्हवता."

मी ती चाल पहिल्यापासून पुन्हा वाजवायला घेतली.