हितंच हाय

मला पत्रकं लिहायची सवय आहे. कर्जतमध्ये पाण्याच्या टँकरवरून आम्ही जे भांडलो, त्यातली निम्मी पत्रकं माझ्या हातची. त्यामुळे आईला तळ्यावर न्यायचं ठरलं तेव्हा मी आधी कागदच घेतला. वर ठळक अक्षरात विषय, खाली मुद्दे. शनिवारी मामाच्या घरी मुक्काम. रविवारी सकाळी सहाला निघायचं, नऊला तळं, तिथं भाकरी, तीनपर्यंत खाली. अंतर: जवळ.

आईचं माहेर अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्याही पुढं डोंगरात. लग्नाआधी ती गुरं घेऊन त्या तळ्यावर जायची. मग कर्जतला आली आणि टँकरपुढं हंडे लावण्यात तिचे गुडघे गेले. आता डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन सांगितलंय, आणि त्यानंतर डोंगर विसरा असंही. आई घरी येऊन म्हणाली, "मग त्याच्याआधी एकदा वर जाऊन येऊ. ते पाणी बघायचंय." तिनं माझ्याकडं आजवर काही मागितलेलं नव्हतं.

मोबाईलवर शोधलं तर एका ठिकाणी लिहिलेलं, 'सोपा ट्रेक, सहकुटुंब जाता येईल.' खाली उड्या मारणाऱ्या पोरांचे फोटो. माझं डोकंच फिरलं. सोपा कुणाला? विशीतले गुडघे घेऊन हिंडणाऱ्यांनी सगळ्यांच्या वतीनं सोपं ठरवायचं? मी खाली चांगली लांबलचक प्रतिक्रिया लिहिली. कुणी उत्तर दिलं नाही. म्हणून मामाला फोन लावला.

"मामा, तळं किती लांब आहे?"

"हे काय, हितंच हाय."

"किती वेळ लागेल?"

"निघालं की पोचलंच म्हन."

"आईला जमेल ना?"

"तिला न जमायला काय झालं? गुरांमागं पळायची ती. तुला जमंल का ते बघ."

तहसील कचेरीत असलं उत्तर मिळालं असतं तर मी लेखी मागितलं असतं. मामाचं मात्र त्या कागदाच्या शेवटी तसंच उतरवून घेतलं. अंतर: जवळ.

आईनं कॅनव्हासचे बूट आणले, आत मोजे बसावेत म्हणून एक नंबर मोठे. रोज संध्याकाळी ते घालून ती अंगणात फेऱ्या मारायला लागली. मी विचारलं, दुखतंय का? "छे, हे काय," म्हणायची. तिसऱ्या दिवशी मी खिडकीतून पाहिलं. ओट्याच्या तीन पायऱ्या ती पाठमोरी उतरत होती, भिंतीला हात लावून, एकेक पायरी, प्रत्येक पायरीवर थांबून.

मी पुन्हा फोन केला. या वेळी मामीनं उचलला.

"मामी, खरं सांगा. रस्ता कसा आहे?"

"अर्ध्यापातूर बरा हाय. म्होरं कातळ लागतो. थितं हातानी धरून चढावं लागतं. तुजा मामा सोता तीन वर्सं वर गेला न्हाई."

"मग ते हितंच हाय का म्हणतात?"

"अगं, पावन्याला लांब हाय म्हनलं, की येऊ नको म्हनल्यावानी हुतं. आमच्यात न्हाई म्हनत तसं."

तेवढ्यात मामानं फोन घेतला. मी सरळ विचारलं, "मामा, तुम्ही मला खोटं का सांगितलं?"

"खोटं कसं? तिला यायचं हाय ना?"

"हो."

"मग हितंच हाय."

मला भांडायला समोर कुणीतरी लागतं. अधिकारी लागतो, खुर्ची लागते, निदान दार तरी लागतं बडवायला. इथं एक कातळ होता आणि दोन झिजलेले गुडघे. निवेदन द्यायचं कुणाला? डोली करावी असंही मनात आलं, पण चौघांच्या खांद्यावर बसून तळ्यावर जाणारी आई डोळ्यांपुढं येईना. मी कागद काढला आणि 'जवळ' खोडलं. पुढं 'लांब' लिहायला पेन टेकवलं आणि तसंच उचललं.

शुक्रवारी संध्याकाळी ठरवलं, आज सांगायचंच. आई ओट्यावर बूट घालून बसली होती. डब्यात चटणी भरून झाली होती. गाडीवाल्याचा दोनदा फोन येऊन गेला होता.

"आई, मामीशी बोलले मी."

"काय म्हणते? चढ आहे म्हणाली असेल. तिला पहिल्यापासून चढाचा कंटाळा. लग्न होऊन आली तेव्हापासून तळ्यावर जायचं म्हटलं की हिचं डोकं दुखायचं."

"कातळ आहे म्हणे मधे."

"आहे की. त्याच्यावर बसून आम्ही बोरं खायचो."

मग ती बोटांनी गुडघा चोळत राहिली. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि आठवडाभरात पहिल्यांदा तिनंच मला विचारलं, "खूप लांब पडेल का गं आता?"

गावभर सगळ्यांना मी म्हणते, खरं काय ते तोंडावर सांगा. लोक मला टरकतात त्याबद्दल.

"नाही," मी म्हणाले. "हे काय, इथंच तर आहे."

तिच्या डाव्या बुटाची नाडी सुटली होती. तिला वाकता येईना, म्हणून मी खाली बसून बांधली.