धाकट्याची लांबलेली सुट्टी

आमच्या वाडीत घरात माणसं किती असं विचारलंत, तर आधी मुंबईतली नावं सांगतात. रीतच तशी आहे. मुंबईचा मुलगा येणार गणपतीला नाहीतर शिमग्याला, पण वाडीची वर्गणी त्याच्या नावाने, पालखीचा खांदा त्याच्या नावाने, म्हणजे तो घरातलाच. तो रोज इथे जेवत नाही, ही गोष्ट आम्ही कधी धरलीच नाही.

आमचं गाव संगमेश्वराहून बरंच आत. दोन हजार सालाच्या पुढेमागे माझा थोरला मुंबईला बिऱ्हाड करून होता. धाकटा आयटीआय झालेला फिटर, तोही ठाण्याच्या बाजूला एका कारखान्यात लागला होता. तो कारखाना बंद पडला आणि दसऱ्याच्या सुमाराला पोरगा ट्रंक घेऊन घरी आला. आमच्या ह्यांनी त्याच दिवशी वाडीत सांगून टाकलं, सुट्टीवर आलाय. दिवाळी गेली, शिमगा गेला, सुट्टी काही संपेना. लोकही समजूतदार हो. चांगली कंपनी मिळाली तुमच्या पोराला, एवढंच म्हणायचे आणि पुढे जायचे.

हसण्यावारी नेण्यासारखं असतं तर मीही हसले असते. पण माझा भाऊ होता अलोऱ्याच्या कॉलनीत, वीज प्रकल्पाच्या नोकरीत. तिथून जवळच पोफळीला वीजघरात दुरुस्तीची कामं निघत, कंत्राटदाराला फिटर लागत. भावाने शब्द टाकला असता तर पोरगा चिकटला असता कुठेतरी. आता ज्याला नोकरी आहे त्याच्यासाठी शब्द टाकायचा कसा? मी म्हणायची, भावाला खरं काय ते सांगू या. तर हे म्हणायचे, तुझ्या माहेरी माझी अब्रू कशाला पाठवतेस? धाकटा हे ऐकायचा आणि वरच्या कातळावर, सड्यावर निघून जायचा. त्याचं बोलणं कमी झालं होतं. भात वाढायला गेलं की पानावर हात आडवा. मला धास्ती होती ती त्या आडव्या हाताची.

चैत्रात, काजूच्या ऐन दिवसांत, सरकारी पाहणीचा एक माणूस वाडीत आला. बोलण्यावरून घाटावरचा. खांद्याला पिशवी, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. मी कोकमाचं सरबत दिलं, ते पिऊन तो ओटीवर टेकला. माणूस बोलका होता. म्हणाला, अशी थोडी थोडी घरं सगळ्या देशात निवडतात. कुणाला काम आहे, कुणाला नाही, त्यातले तरुण किती, हे विचारतात. काही वर्षांनी पुन्हा विचारतात, म्हणजे राज्यात, देशात बेकारी वाढली की उतरली ते कळतं. मला ते आवडलं. तापाच्या माणसाला आपण दर थोड्या वेळाने हात लावून बघतो, तसंच ते.

ह्यांनी सांगायला सुरुवात केली. थोरला, सून, नातू, सगळी मुंबईची मंडळी घरात घातली. मग म्हणाले, धाकटाही मुंबईलाच, कंपनीत. आणि धाकटा तिथेच ओटीसमोरच्या खळ्यात काजूबिया वाळत घालत होता.

पाहणीवाल्याने पेन खाली ठेवलं.

"काका, रागावू नका. या वाडीत सकाळपासून ज्याला विचारावं त्याचा मुलगा नोकरीला. मग काल संध्याकाळी सड्यावर दोन संघ भरून क्रिकेट चाललं होतं, ती पोरं कुणाची?"

"सुट्टीवर आलेली," हे म्हणाले.

"सगळीच?"

ह्यांनी माडाच्या शेंड्याकडे बघितलं. तेव्हा तो माझ्याकडे वळला. म्हणाला, "काकू, घराला नावं कुणाकुणाची लागतात ते मला नको. रोज इथे जेवतं कोण, तेवढं सांगा."

आता वाढते मी, तर खोटं कसं सांगू? म्हटलं, आम्ही दोघं आणि तो खळ्यातला.

धाकटा हात झाडत ओटीच्या पायरीशी आला आणि म्हणाला, "मी बेकार आहे. दसऱ्यापासून. लिहा."

इतके महिने आमच्या घरात कुणी न उच्चारलेला शब्द, आणि तो असा साधेपणाने म्हणाला, जसं काय तहान लागली म्हणावं.

पाहणीवाल्याने वर्षभराचं विचारलं, जास्त दिवस कसे गेले? काम शोधण्यात, धाकटा म्हणाला. ते लिहून झालं. मग गेल्या आठवड्याचं विचारलं. एखादा तास तरी काही काम केलंत का? धाकटा म्हणाला, घरच्या काजू गोळा केल्या, त्याचे कोण पैसे देतो? तर तो म्हणाला, घरची असली तरी विकायची ना? मग ते काम धरतात.

"म्हणजे मी वर्षाचा बेकार आणि आठवड्याचा कामकरी?"

"दोन्ही लिहितो. दोन्ही खरंच आहे."

धाकटा हसला. कितीतरी दिवसांनी हसला. मग माझी पाळी. मी म्हटलं, मी काय, घरीच असते. त्याने माझ्या हातांकडे बघितलं. काजूच्या चिकाने बोटं काळी पडलेली, ती काही लपत नाहीत. मलाही त्याने कामाच्या माणसांत घातलं. मी ह्यांना म्हटलं, बघा, घरात सगळी कामालाच आहेत. पण ह्यांना हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी धुवट सदरा घातला आणि मला म्हणाले, चल, तुझ्या भावाकडे जाऊन येऊ.

अलोऱ्याला पोचलो तेव्हा दार उघडलं माझ्या भाच्याने. तो पुण्याला नोकरीला, कामाच्या दिवशी घरी कसा, असं मनात आलं, पण वहिनी चहा घेऊन आली आणि विचारायचं राहून गेलं. ह्यांनी आंब्याचं बोललं, पाण्याचं बोललं, कप रिकामा करून खाली ठेवला. मग भावाकडे न बघताच म्हणाले, "आमचा धाकटा घरी बसून आहे. कंपनी बंद पडली. मी सगळ्यांना सुट्टी म्हणून सांगतो."

भाऊ आतल्या खोलीकडे मान वळवून म्हणाला, "भावोजी, आमच्याकडेही एक सुट्टीवरच आहे. होळीपासून."

वहिनीने पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. हे मात्र पहिल्यांदा पाठ टेकून बसले. भावाने सांगितलं, स्वतःच्या पोरासाठी कंत्राटदाराकडे तोंड उघडायला जीभ रेटत नव्हती. दोघांसाठी म्हणून जाईन, ते सोपं पडेल. सोमवारी पाठवा त्याला.

सोमवारी धाकटा पहिल्या गाडीने जायचा होता. खळ्यातून बाहेर पडतो तोच शेजारच्या काकांनी विचारलं, काय रे, संपली वाटतं सुट्टी? तर ओटीवरून ह्यांनीच उत्तर दिलं, "नोकरी गेली त्याची. दुसरी बघायला चाललाय, पोफळीच्या कंत्राटदाराकडे."

काकांनी मान डोलावली. थोडे पुढे गेले, परत आले आणि ह्यांच्या शेजारी ओटीवर बसले. म्हणाले, "त्या कंत्राटदाराला अजून एखादा लागेल काय रे? आमचाही घरीच आहे."

मी चहा टाकायला आत गेले.