रस्त्याकडे पाठ केलेलं घर

ड्रायव्हरकाका आजही उन्हात बसले असतील का, हा प्रश्न काही केल्या तिच्या डोक्यातून जाईना. समोर दुसऱ्याच कुणाच्या घराचा नकाशा पसरलेला होता आणि तासाभरात त्यावर एक रेघ उमटली नव्हती.

खेड्यातली घरं आखायची हे तिचं काम. काकांनी बत्तीस वर्षं बस चालवली. निवृत्त झाल्यावर टेकडीच्या उतारावर जागा घेतली आणि पहिल्याच भेटीत तिला बजावलं, "पोरी, बाकी तुझ्या मनासारखं कर. पण घरातून रस्ता दिसता कामा नये. बघून बघून डोळे विटलेत."

"आणि मला ह्यांचं तोंड दिसलं पाहिजे," काकू म्हणाल्या. "जन्मभर माझ्याकडे पाठ करून गाडी हाकली."

"अगं, मागे वळून बघत बसलो असतो तर दरीतच गेलो असतो!"

"गेलो असतो तर बरोबर तरी गेलो असतो."

तिघंही पोट धरून हसले होते.

नकाशा काढण्याआधी ती चार दिवस त्या उतारावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून राहिली. काठ्यांना चिंध्या बांधून वारा कुठून येतो ते पाहिलं. वारा पूर्वेच्या दरीतून वर चढायचा. पश्चिमेला रस्ता, धूळ आणि दुपारनंतरचं भाजून काढणारं ऊन. म्हणजे काकांची अट आणि जागेचा स्वभाव अगदी जुळून आला. पश्चिमेला दीड हात जाडीची दगडी भिंत, एकही खिडकी नाही. पूर्वेला लांबलचक ओसरी, समोरासमोर दोन बाकं, पुढे सगळी दरी. इतकं नेमकं घर तिच्या हातून आधी झालं नव्हतं. ती भिंत तर ती नव्या गिऱ्हाइकांना मुद्दाम दाखवायला न्यायची.

राहायला गेल्यावर दोन महिन्यांत काकू गेल्या.

त्यानंतर ती फोन करायची तेव्हा काका म्हणायचे, "घर एकदम गार आहे गं. झकास." तिला ते खरं वाटायचं. खरं वाटून घेणं सोयीचंही होतं.

गेल्या आठवड्यात मात्र काकांच्या घराचं गळकं छप्पर बघायला ती न कळवता निघाली. दुपारची बस टेकडीपाशी आली. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. तिनं खिडकीतून पाहिलं, तर काका भर उन्हात, तिच्या त्या भिंतीला टेकून, रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसलेले. डोक्यावर टॉवेल. त्यांनी हात वर केला, तो ड्रायव्हरसाठी. ती उतरलेली दिसताच घाईघाईनं उठले आणि पायानं डबा मागे सरकवला.

"कुणी येणार होतं का, काका?"

"कोण येणार? गाडी येते ना. तो माझ्या हाताखाली शिकलाय, क्लच अजून दाबतोच जास्त."

"मग ओसरीत बसा की. केवढा वारा येतो तिथं!"

"बसतो ना, सकाळी." मग टॉवेलानं तोंड पुसत म्हणाले, "समोरचं बाक रिकामं दिसतं गं."

"भिंतीत खिडकी काढू या?"

"खुळी की काय! मीच सांगितलेलं ना? एवढी चांगली भिंत. हात लावायचा नाही."

ती गप्प बसली. सुटल्यासारखं वाटलं तिला, आणि त्याचीच लाज आठवडाभर तिला खात होती. उतार जोखला, वारा जोखला, पण दोघांतला एक जण गेल्यावर हे घर कसं राहील, हे तिनं नकाशात कधी मांडूनच पाहिलं नव्हतं.

तिनं समोरचा नकाशा गुंडाळला आणि कोरा कागद घेतला. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांना रस्ता दिसेल इतक्या उंचीवर एक खिडकी, तिच्यावर खोल छज्जा, बाहेरून लाकडी झडप. तरी खोली तापणारच. तापू दे.

काका आधी रागावतील, मग थट्टेवर नेतील, मग "नको" म्हणतील. या वेळी ते "नको" ऐकून गप्प बसायचं नाही, एवढं तिनं ठरवलं, आणि फोन हातात घेतला.