दुसऱ्या तपासणीला आक्का

आक्काची लाँड्री होती आणि लाँड्रीत राज्य आक्काचं. धाकटा भाऊ पन्नाशीला टेकला, तरी ती त्याला बाळ्या म्हणायची, आणि तेही गिऱ्हाइकांच्या देखत! बाळ्या ऊठ, बाळ्या गिळ, बाळ्या आधी कॉलर दाब. तोही मुकाट दाबायचा. लग्न तेवढं त्याने आपल्या मनाने केलं, आणि ते आक्काच्या घशाखाली कधी उतरलं नाही. भावजयीच्या हातचा चहा ती एक घोट घ्यायची आणि कप परत सरकवायची. "साखरेला कुलूप लावलंस का गं?"

एके दिवशी साबणाच्या पाण्यावरून बाळ्याचा पाय सटकला, डोकं मशीनच्या लोखंडी कडेवर आपटलं. त्यानंतर त्याने डोळे उघडले नाहीत.

अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवलं. "मेंदू कायमचा थांबलाय. डोळ्यांत उजेड टाकला, बाहुली आकसली नाही. कानात बर्फाचं पाणी सोडलं, डोळा ढळला नाही. घशात नळी हलवली, साधा खोकला नाही. श्वास मशीनचा आहे, म्हणून हृदय चालतंय. सकाळी सगळं पुन्हा तपासू, आणि तेच निघालं तर मृत्यू जाहीर करू."

भावजय खालमानेने म्हणाली, "ते म्हणायचे, माझ्या मागे शरीरातलं जे उपयोगी पडेल ते देऊन टाक."

"न नेलेले कपडे वाटून टाकतात, तसा वाटतेस का माझ्या भावाला?" आक्का कडाडली. तरातरा खाटेपाशी गेली आणि तिने बाळ्याच्या तळव्याला कडकडून चिमटा काढला. पाय आखडला!

"बघा! शाळेच्या वेळेला असाच मेल्यासारखा पडायचा. जन्माचा नाटक्या!"

"तो पाय पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूने ओढला, आक्का. मेंदूला त्याचा पत्ताही नाही."

"पत्ता आहे की नाही, हे तुम्ही काय आत जाऊन विचारून आलात?"

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. "सकाळी स्वतः उभ्या राहा नि बघा. मशीन थोडा वेळ काढू, नळीतून नुसता ऑक्सिजन चालू ठेवू. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला की मेंदूत जराशी धुगधुगी असली तरी छाती हलतेच. हाताकडे, पायाकडे बघू नका. फक्त छाती."

भावजयीच्या अंगात ते बघायचं बळ नव्हतं. "वन्सं, तुम्ही बघा. तुम्ही सांगाल ते मी मानेन," असं म्हणून ती बाहेर बाकावर बसली. बिचारीने आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली ती ही.

सकाळी मशीन काढलं. खोलीत एकदम शांत झालं. आक्काची नजर म्हणजे शुभ्र चादरीवरचा डाग दारातून हेरणारी. ती छातीवर खिळली.

"बाळ्या, श्वास घे," आक्का म्हणाली. मग दरडावून, "घे म्हणते ना!"

छाती इस्त्री केल्यासारखी सपाट. आणि अचानक बाळ्याचे दोन्ही हात उचलले गेले, छातीशी आले आणि हळूच बाजूला पडले. "हेही मज्जारज्जूचंच," डॉक्टरीणबाई पुटपुटल्या. आक्काने मान डोलावली. तिला कळलं होतं. छाती शेवटपर्यंत हलली नव्हती. मशीन पुन्हा जोडलं.

बाहेर येताच भावजयीने तिचा हात धरला. "वन्सं, काय झालं?"

"हात वर केले त्याने," आक्का म्हणाली. "दोन्ही."

शब्द खरा होता, खोट काढायला जागा नव्हती. पाठोपाठ डॉक्टरीणबाई आल्या, मृत्यू झाल्याचं सांगितलं, पुन्हा पुन्हा समजावलं. पण भावजयीच्या डोळ्यांपुढून ते दोन हात हलेनात. "हात वर करणाऱ्या माणसाला कापायला मी हो म्हणू?" तिने नकार दिला, मशीनही काढू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी हृदय आपसूक थांबलं. आता द्यायला बाळ्याकडे डोळ्यांवाचून काही उरलं नव्हतं, आणि तेही विचारायची कुणाची छाती झाली नाही.

सगळं उरकल्यावर भावजयीने आक्कापुढे चहा ठेवला. "वन्सं, त्यांनी... श्वास घेतला होता ना?"

आक्काने आज पहिल्यांदा अख्खा कप संपवला.

"छे गं. गेलेलाच होता. पण तुझ्या शब्दावर जाऊ देते होय मी त्याला!"