न पडलेल्या पाकळ्या

आमच्या घराण्यातला पहिला नास्तिक मी. आबांनी मेंढरं विकून शेती धरली, मी शेती सोडून कुरकुंभला केमिकलच्या कंपनीत लागलो, आणि तिथल्या वासात देव कधी उडून गेला कळलंच नाही. बायको दौंडच्या रेल्वे कॉलनीतली. ती म्हणते, "तुमचं नास्तिकपण उपास मोडण्यापुरतं." तेही खरंच म्हणा.

गेल्या वैशाखात आईच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, लांबवू नका. आई म्हणाली, "बिरोबाचा कौल आण. उजवी पडली तर येते. डावी पडली तर मला हितंच मरू दे."

कौल म्हणजे देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हे काम पुजारी आप्पांचं. आप्पा वारले, आणि त्यांची पोरं आता माझ्याच कंपनीत शिफ्ट करतात. धाकट्यानं टेकडीवरच्या देवळाची किल्ली काढून दिली.

"दादा, आप्पा गेल्यापासनं गेलो न्हाई आमी तिकडं."

"आन् पूजा?"

"तुमी तर मानत न्हाई. मग तुमाला कशाची काळजी?"

आईला टेकडी चढवत नव्हती, म्हणून भर दुपारी एकटाच गेलो. येताना काय सांगायचं ते निघतानाच ठरलेलं होतं: उजवी पडली. कौल लावण्याची तशी गरजच नव्हती. पण आलोच आहे तर, म्हटलं, लावून बघू.

दार उघडलं. आत धुळीचा जाड थर, आणि त्यावर एकही पाऊल नाही. उंदराचं नाही, पालीचं नाही. बाटलीतल्या पाण्यात झेंडूच्या पाकळ्या बुडवल्या, दगडाच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या आणि विचारलं, "आईचं ऑपरेशन करू का?" मॅनेजरकडे रजा मागतो त्याच आवाजात.

मी केमिकलवाला. एवढ्या उन्हात पाणी सुकणार आणि पाकळ्या गळणार, यात देवाचं काय? पाणी सुकलं. पाकळ्यांच्या कडा वळल्या, पार चुरमुरल्या. पण पडेनात. उंबऱ्यावरचं ऊन सरकत भिंतीला गेलं. हायवेची घरघर टेकडीपर्यंत येते, ती कधी बंद झाली कोण जाणे. मला घाम फुटला. "अरे, बोल ना!" मी ओरडलो. एवढ्याशा देवळात आवाज घुमायला हवा होता. तो लोकरीच्या ढिगात जिरावा तसा जिरला.

आपण कुणावर ओरडलो, हे टेकडी अर्धी उतरल्यावर लक्षात आलं.

आई ओट्यावर वाट बघत होती. तोंडाशी आलेलं खोटं आतच राहिलं. म्हणालो, "पडली न्हाई."

"कंची?"

"कंचीच न्हाई."

"मग तिथं कुनी न्हाईच म्हन की," आई म्हणाली आणि पिठाचा हात पुसावा तसा पदरानं कपाळावरचा भंडारा पुसून टाकला.

मी घाईनं म्हणालो, "असं कसं? वारं न्हवतं, आई. आन् त्याला आप्पांची सवय. माझा हात वळखला नसंल."

बायको दारात उभी. "अहो, तुम्ही नेमके कुणाच्या बाजूचे?"

आईनं तिकडे लक्षच दिलं नाही. ती माझ्याकडे बघत होती. दगडाकडे बघायची तशी, पापणी न हलवता. "आता तूच सांग. जाऊ का?"

उत्तर देणं इतकं जड असतं, हे त्या दुपारपर्यंत मला ठाऊक नव्हतं. दगड गप्प का बसला असेल, तेही थोडंसं कळलं.

"चल," म्हणालो.

ऑपरेशन चांगलं झालं. आई ठणठणीत आहे. देवघरात दिवा लावत नाही. पण गोळी घेण्याआधी, मेथी पेरण्याआधी, माहेरी भाचीच्या लग्नाला निघण्याआधी ती माझ्यापुढे येऊन उभी राहते. "करू का?" मी बोलेपर्यंत जागची हलत नाही.

कधी कधी मला पटकन सुचत नाही. मग दोन्ही खांद्यांवर काहीतरी हलकं, ओलं चिकटल्यासारखं वाटायला लागतं. अशा वेळी मी अजिबात हलत नाही.