दुसरी लहर आलीच नाही

भूकंपाचा धडा माझा फार आवडता, आणि आवडीच्या ठिकाणीच माणूस शेफारतो. अल्लीपूरकडच्या आमच्या शाळेत मी सातवीच्या मुलांना लांब बाकाला कान लावायला सांगितलं आणि दुसऱ्या टोकाला टिचकी मारली. ती लाकडातून आली, तसाच धक्का जमिनीतून येतो. मग मुलांची रांग केली. मागच्याला ढकललं की धक्का थेट पुढच्यापर्यंत सरकत गेला, ही प्राथमिक लहर, पळण्यात पटाईत. मग सगळ्यांना डावी-उजवीकडे डोलायला लावलं, ही दुय्यम लहर. मागून येते, पण घरं जास्त हीच पाडते.

“या दोघींच्या मधे जो वेळ मिळतो ना, त्यात जीव वाचतो!” मी म्हणाले. टाळ्या पडल्या, घंटा झाली. भूकंप जवळचा असेल तर तो वेळ मिळतच नाही आणि जमीन हलताना पळायचं नसतं, टेबलाखाली बसायचं असतं, हे उद्यावर राहिलं. दुसऱ्या दिवशी मी नकाशा भरून घेतला. टाळ्यांनीच माझं पोट भरलं होतं.

उन्हं तापली की आमच्याकडे विहिरी खोल करायला सुरुंग लावतात. आधी शिटी वाजते, आणि दगड उडतात म्हणून सगळे घरात शिरतात. वर्गातल्या एका मुलीच्या घरामागच्या शेतात त्या रविवारी सुरुंग उडाला. कूलरच्या आवाजात तिला शिटी ऐकू आली नाही. पायाखाली धक्का मात्र कळला. ही पहिली लहर, आता दुसरी येणार, म्हणून तिनं खाटेवरच्या आजोबांना ओढत बाहेर काढलं. उंबऱ्याला अडखळून ते पडले आणि त्यांचं मनगट मोडलं.

मुलगी शाळेत येईना. आपणच आजोबांचा हात मोडला म्हणून ती धड जेवतही नाही, असं तिच्या आईनं कळवलं, तेव्हा मी घरी गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आजोबा प्लास्टरचा हात उंचावून म्हणाले, “या मॅडम. पोरीनं मले वाचोलं बरं का, फक्त हात मोडून.”

मुलीनं दाराआडून विचारलं, “मॅडम, दुसरी लहर काऊन नाई आली?”

मी तिला सांगितलं, की इतक्या जवळून दोन्ही लहरी जवळजवळ एकदमच येतात, आणि सुरुंगाचा धक्का तर लगेच विरतो. “चूक तुझी नाही. अर्धाच धडा शिकवला मी.”

ती दाराआडून बाहेर आली.

“मंग मॅडम,” आजोबा म्हणाले, “आता धक्का बसला तं म्या बाहीर जाऊ का अंदर राहू?”

मी तोंड उघडणार, तोच ती त्यांच्याजवळ जाऊन बसली.

“आबाजी, या खेपेले पुरं इचारून घ्या.”