बोथट आऊत

आमच्या शेजारच्या रावजी नागवेकरांसारखा माडी काढणारा रत्नागिरीच्या पंचक्रोशीत दुसरा नव्हता. हे ते स्वतःच सांगत, त्यामुळे दुसऱ्या कुणाला सांगावं लागत नसे. मी त्यांना रावजीकाका म्हणे. शिकायला आलेल्या माणसाला त्यांचा पहिला धडा ठरलेला असे: माडाची पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, छाटायचा रुंद सुरा, म्हणजे आऊत, बोथट झालं की पोयीवरून घसरतं आणि हातात घुसतं. इतरांना एवढं शहाणपण शिकवणाऱ्या माणसाने पुढे काय केलं ते आठवलं की मला आजही त्यांचा राग येतो, आणि कीवही येते.

एकोणीसशे एकोणतीस साली त्यांच्या मुलाच्या, केरूच्या अंगावर काळेनिळे डाग उठू लागले. कुठे आपटलेला नसे, कुणी मारलेलं नसे. नडग्यांवर मोहरीएवढे लाल ठिपके, दात घासले की हिरड्यांतून रक्त. तेव्हा तो माझ्याच वयाचा, एकोणीसचा. देवऋष्याने बाहेरचं सांगितलं. कोंबडा गेला, डाग राहिले. शेवटी एका डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, "रक्त थांबवणारा अंश याच्यात कमी आहे. खात्रीचं औषध नाही. कधी बरं वाटेल, कधी वाढेल. जखम तेवढी होऊ देऊ नका."

काकांनी त्याच दिवशी त्याचं माडावर चढणं बंद केलं. चार वर्षं केरू खाली मडकी धूत राहिला. रोज संध्याकाळी त्याची आई, आनंदीकाकू, त्या दाढीमिशा फुटलेल्या मुलाला पडवीत बसवून नडग्या तपासत, आणि तो तोंड फिरवून बसे. गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? लोक त्याला 'बाळंतीण' म्हणत. तेविसाव्या वर्षी एके दिवशी त्याने खुंटीवरचं आऊत घेतलं आणि न विचारता माडावर चढला. काका काही बोलले नाहीत. वाढलेल्या मुलाला दावं लावता येत नाही.

बोलले नाहीत, पण केरू धार लावून आंघोळीला गेला की ते त्याचं पातं हळूच जांभ्या दगडावर दोनदा घासत. बोथट असलं तर खोल जाणार नाही, अशी मनाची समजूत. भीतीपुढे चाळीस वर्षांची अक्कल गहाण पडली. केरूला वाटे, मधल्या वर्षांत आपल्याच हातातली सफाई गेली. म्हणून तो आणखी जोर लावी.

त्या सकाळी मी काकांजवळ उभा होतो. वर केरूची पोय ठोकण्याची टकटक चालली होती. ती थांबली, तो छाटायला लागला, आणि मग काहीच ऐकू येईना. माडावरच्या माणसाला आमच्याकडे खालून हाक मारत नाहीत. दचकला तर हात सुटतो. काकांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. माझ्या पायाजवळच्या झावळीवर रक्ताचा थेंब पडला, मग दुसरा. केरू एका हाताने खोडाला मिठी मारून, पायाने खाचा चाचपत उतरत होता. निम्म्यावर तो थांबला, तेव्हा काका खोडाखाली जाऊन हात पसरून उभे राहिले.

जखम डाव्या अंगठ्याच्या बुडाशी, जेमतेम इंचभर. मला झाली असती तर चिंधी बांधून कामाला लागलो असतो. डॉक्टरांनी घट्ट पट्टी बांधली, हात वर धरून दाबून ठेवा म्हणाले, यापलीकडे माझ्या हातात काही नाही म्हणाले. त्या दिवशी रक्त थांबलं नाही. दुसऱ्या दुपारपर्यंत तीन पंचे भिजले आणि केरूचे ओठ पांढरे पडले. काकांनी तो हात कुणाला धरू दिला नाही, काकूंनाही नाही. संध्याकाळी चौथा पंचा कोरडा निघाला. काकांनी तो उलटसुलट करून पुन्हा पुन्हा पाहिला.

मग ते म्हणाले, "तुझा आऊत मी बोथट करीत होतो."

"आनि मी आपल्या हाताला दोष देत होतो," केरू म्हणाला. "चार वर्सा सगळ्यांनी माझ्या नडग्या बघितल्यात, बाबा. मला कोनी काय इचारला नाय."

काका चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते मान खाली घालून बसले होते. "आता इचारतोय," ते म्हणाले. "बरा झालास की चढनार काय?"

उत्तर 'व्हय' असणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. काकूंनी तर आधीच पदर तोंडाला लावला.

"नाय," केरू म्हणाला. "मला पयल्या दिसापासून भय वाटतंय."